पिवळ्या पिल्लांची साक्ष

तळ्याकाठच्या बदकवाल्याच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं भिंतीवर चढून बसली होती आणि सगळ्यांचे डोळे एका मूठभर पिवळ्या पिल्लावर. बदकवाल्याचा कळप डांबरासारखा काळा. त्यावरच त्याचं नाव चालायचं. यंदा त्यात पाच पिल्लं पिवळी निघाली, म्हणजे मोठेपणी पांढरी होणारी. आणि पहिल्या बायकोची त्याची एकुलती लेक गेल्या वर्षी याच दिवसांत तळ्यात बुडाली होती. लोकांच्या अंगावर काटा आला नसता तरच नवल.

"पांढरी वस्त्रं नेसून परतलीय पोर!" आत्म्यांचे जाणकार म्हणून बोलावलेले महाराज गरजले. (पिल्लू पिवळं होतं, पण महाराजांना तेवढी सूट.) "आता तीच दाखवील, तिला पाण्यात कुणी ढकललं!"

त्यांनी पिल्लू सोडलं. ते गर्दीतून वाट काढत लुटुलुटु गेलं आणि थेट सावत्र आईच्या पायाशी बसलं. भिंतीवरची माणसं पुढे झुकली. क्षणभर मलाही ते खरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बदकवाला बायकोकडे न बघताच म्हणाला, "सामान बांध. आजच्या आज निघ."

"अहो, मी तिच्या वेण्या घातल्यात हो," ती म्हणाली.

मी जनावरांची डॉक्टर. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. "थांबा दादा! वहिनी, यंदा उबवणीच्या पेटीपाशी कोण बसत होतं?"

"मीच. पोर होती तेव्हा तीच बसायची."

"मग आता एक काळं पिल्लू सोडा."

"काळ्यात आत्मा नसतो!" महाराज घाईघाईने म्हणाले.

"नसू दे. नुसतं चालू दे."

काळं सोडलं, तेही वहिनींच्या पायाशी. दुसरं सोडलं, तेही. "अंड्यातून बाहेर येताच जो हलता जीव समोर दिसतो, त्याला पिल्लू आई समजतं. की महाराज, वहिनींनी या काळ्यांनाही बुडवलं होतं?" भिंतीवरून कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि रंग?" महाराज चवताळले. "काळ्याच्या पोटी पांढरं कसं?"

"रंगाचा वारसा पिल्लाला दोघांकडून मिळतो, नराकडून आणि मादीकडून. पांढरा रंग भिडस्त. काळा जोडीला असला की दडून बसतो, पण मरत नाही. दोन्हीकडून दडलेला पांढराच आला, तर पिल्लू पांढरं. दोघांतही पांढरा दडलेला असेल, तर अशा जोडीच्या चार पिल्लांत सरासरी एक."

"मग आजवर एकही कसं निघालं नाही?" बदकवाला ओरडला. "सहा वर्षं हाच कळप आहे माझा!"

 उत्तर मागून आलं, पलीकडच्या काठावरच्या शिंपीणबाईंकडून.

"दरवर्षी निघायची. रंग बिघडलेलं पिल्लू दिसलं की तुम्ही मान मुरगाळता, म्हणून तुमची लेक पहाटे टोपलीत घालून, नाव वल्हवत माझ्याकडे आणायची. चौदा पांढरी बदकं आहेत माझ्या परसात, जाऊन मोजा. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने. म्हणून गप्प राहिले. पण आता जित्या बाईला घराबाहेर काढताय..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्या पहाटे नाव उलटली. टोपली तेवढी तरंगत माझ्या पायरीला लागली. आत दोन पिल्लं होती. जिवंत."

महाराज कधी सटकले, कळलंच नाही. बदकवाल्याने माझ्याकडे वळून विचारलं,

"म्हणजे ती... आलीच नाही?"

"नाही, दादा. पिल्लं लपवणारे तिचे हात गेले. म्हणून ही पिल्लं यंदा तुम्हाला दिसली."

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. वहिनींनीच वाकून पिवळं पिल्लू उचललं आणि त्याच्या ओंजळीत ठेवलं.

त्या तळ्यावरून जाणं मी अजूनही टाळते. तिथे भूतबीत काही नाही. बापाला घाबरणारी एक पोर होती, तेच छळतं. म्हणून हात जोडून सांगते, मेलेल्यांना साक्षीला बोलावण्याआधी जिवंत माणसांना विचारा. आणि तुम्हाला खरं सांगायची त्यांना भीती वाटणार नाही, असे वागा.