जांभई कोणाची?

व्यसनमुक्ती उपचारांच्या फेलोशिपचा सातवा आठवडा चालू होता, आणि तेवढ्या अवधीत चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डाने तिचे बारसे करून टाकले होते. कागदोपत्री ती 'फेलो' होती. मनोविकारशास्त्राची पदवी घेऊन, तीन वर्षे दुसरीकडे नोकरी करून, या एकाच विषयाचे वर्षभर शिक्षण घ्यायला आलेली डॉक्टर. पण वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर तिला पाठीमागे 'वजाबाई' म्हणत. रुग्ण जे सांगेल त्यातून ती काही ना काही वजा करतेच, असे त्यांचे निरीक्षण होते. हे नाव तिच्या कानावर आले होते, आणि तिला ते लागलेही नव्हते. वजाबाकी हा तिच्या मते निदानाचा निम्मा भाग होता. बेरीज कोणालाही येते.

मंगळवारी सकाळी दहा वाजता लिफ्ट दुरुस्त करणारा एक चाळिशीचा मेकॅनिक आपल्या थोरल्या बहिणीबरोबर आला. पाठदुखीसाठी सुरू झालेल्या अफूच्या जातीच्या गोळ्या चार वर्षांत दिवसाला वीसवर गेल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी त्याने उपचार सुरू केले, आणि तिथे उपचाराची पहिलीच गोळी त्याला वेळेआधी दिली गेली.

ही गोळी जिभेखाली ठेवतात. मेंदूतल्या ज्या खुर्च्यांवर जुनी नशा बसलेली असते, तिथून तिला उठवून ही स्वतः बसते. नशा आपण होऊन उठू लागली असेल, तर या अदलाबदलीने रुग्णाला आराम पडतो. ती अजून ठाण मांडून बसली असेल, तर दोन दिवसांत व्हायचा त्रास अर्ध्या तासात होतो. मेकॅनिकने तो अर्धा तास आणि पुढचा अख्खा दिवस मोरीच्या फरशीवर काढला होता, आणि दुसऱ्या दिवशी तिथून पळ काढून तिप्पट गोळ्या घेतल्या होत्या. त्या वेळी तो वाचला होता.

खुर्चीत टेकण्याआधीच त्याने सांगून टाकले, "परत तसं झालं ना डॉक्टर, तर मी पुन्हा कुठेच जाणार नाही. ताईनं ओढत आणलं तरी नाही."

ताईने भावाची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

तेव्हा प्रश्न एकच होता : नशा उठली आहे की बसली आहे? त्यासाठी एक तक्ता असे. अकरा लक्षणे, प्रत्येकाला गुण. बेरीज बारा किंवा अधिक झाली तरच गोळी. शिक्षणाचा भाग म्हणून फेलोने आणि सिस्टरांनी एकाच वेळी, पण एकमेकींचा कागद न पाहता गुण द्यायचे, आणि दोघींच्या बेरजांत दोनपेक्षा जास्त फरक पडता कामा नये, असा विभागप्रमुखांचा दंडक होता.

तिने नाडी मोजली. जलद होती. पण हा गृहस्थ चार मजले जिन्याने चढून आला होता. खालच्या लिफ्टच्या दाराचा आवाज ऐकूनच त्याने आत पाऊल टाकायचे नाकारले होते. कारण विचारल्यावर म्हणाला, हलवायाला मिठाईत काय असतं ते माहीत असतं. दहा मिनिटांनी तिने पुन्हा मोजली, थोडी उतरली होती. म्हणून थोडे वजा. नाक गळत होते, पण लिफ्टच्या विहिरीतली धूळ खाऊन ते बाराही महिने गळते, असे ताईने सांगितले. वजा. घाम होता, पण खिडकीतून ऊन थेट त्याच्या पाठीवर येत होते. तिने पडदा ओढला. घाम कमी झाला आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, ज्या अंधारात कोणाच्याही होतात. तिने पडदा उघडला. बाहुल्या थोड्या लहान झाल्या आणि घाम परतला. अंगावर काटा होता का? होता, असे म्हणता आले असते. पण डोक्यावर पंखा होता. तराजूचा काटा स्थिर झाल्यावर वाचावा हे ती जाणून होती, हा काटा मात्र पंख्याच्या प्रत्येक फेरीला हलत होता.

मग जांभयांची गोष्ट झाली. तपासणीच्या वेळात रुग्णाला तीन जांभया आल्या तर दोन गुण मिळतात. जांभई आली, यात शंका नव्हती. पण आदल्या रात्री जेमतेम चार तास झोपलेल्या फेलोलाही आली होती, आणि आधी कोणाला आली हे तिला आठवेना. तिची पाहून त्याला आली असेल, तर ते लक्षण नव्हते. त्याची पाहून तिला आली असेल, तर होते. मधल्या मध्ये ताईला आली आणि मागोमाग सिस्टरांनाही, तेव्हा उगम शोधणे संपलेच. संसर्गाचा मूळ रुग्ण सापडत नसेल तर संसर्ग मोजू नये, असे तिने ठरवले आणि शून्य लिहिले.

तिची बेरीज आठ झाली. सिस्टरांची चौदा.

विभागप्रमुखांना सगळा वॉर्ड मोठे सर म्हणत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि दोघींनी एकच माणूस पाहिला ना, एवढेच विचारले. सिस्टर म्हणाल्या, आपण माणूस पाहिला, मॅडमनी पंखा पाहिला. सर हसले नाहीत. मात्र वजाबाईने काय करायचे ते वजाबाईनेच ठरवावे, आणि ते आज ठरवावे, असे सांगून ते निघून गेले. तिचे हे नाव त्यांनाही माहीत होते, हे तिला तेव्हा कळले.

ताईने तिला व्हरांड्यात गाठले. भाऊ शेवटची गोळी काल संध्याकाळी सहाला घेतली म्हणतो, पण पहाटे पाच वाजता मोरीत दिवा होता आणि गोळ्यांच्या पाकिटाचा कुरकुर आवाज आपण स्वतः ऐकला, असे ती म्हणाली. सहा खरे असतील तर सिस्टर बरोबर होत्या. पाच खरे असतील तर आठ गुणही जास्तच होते. लघवीच्या तपासणीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. गोळी घेतली हे ती सांगते, कधी घेतली ते नाही.

फेलो परत गेली ती तक्ता टेबलावर ठेवून. मेकॅनिकसमोर स्टूल ओढून बसली आणि काही न विचारता पाहत राहिली. असे ती सात आठवड्यांत प्रथमच करत होती. तिला ते थोडे अशास्त्रीय वाटले. दर मिनिटाला त्याच्या नाकपुड्या फुलत, जबडा आवळला जाई, गळ्याची घाटी खाली-वर होई आणि डोळ्यांत पाणी येई. पाचव्या वेळी तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुम्ही जांभया गिळताय."

तो म्हणाला, "गिळतोय."

"का?"

"मागच्या वेळी सगळं सांगितलं होतं. जरा वाढवूनच सांगितलं. गोळी लवकर मिळावी म्हणून." त्याने तळहात पँटला पुसले. "मिळाली की लवकर. म्हणून या वेळी म्हटलं, काही दाखवायचंच नाही. उशीर झाला तर झाला."

"अरे, मग इथे आलास कशाला?" ताई म्हणाली. "डॉक्टरांशी लपंडाव खेळायला?"

"तू बोलू नकोस ताई. तू पहाटे दाराला कान लावून उभी असतेस. ती पित्ताची गोळी होती."

"पाकीट दाखव."

"टाकलं."

फेलोचा गोंधळ आता दुप्पट झाला. रुग्ण वाढवून सांगतात, हे गृहीत धरून ती वजा करत होती. हा आधीच वजा करून आला होता. एकाच रकमेतून दोघांनी वेगवेगळी वजाबाकी केली होती, आणि मूळ रक्कम कोणालाच ठाऊक नव्हती. दुसरीकडे, मागच्या वेळी खोटे बोललो असे सांगणाऱ्याचे आजचे बोलणे कोणत्या खात्यात धरायचे? भीती खरी होती, एवढे दिसत होते. पण भीती ज्याने पहाटे गोळी घेतली त्यालाही वाटते, आणि ज्याने घेतली नाही त्यालाही. तिने तीन वेगवेगळी स्पष्टीकरणे मनात जुळवली. तिन्ही सुसंगत होती, आणि हीच त्यांची अडचण होती.

"मला कळत नाहीये," ती शेवटी म्हणाली. स्वतःच्या आवाजाचे तिला नवल वाटले. "पहाटेचं खरं असेल तर आणखी थांबायला हवं. नसेल तर तुम्हाला उगाच त्रास होतोय. आपण आणखी दोन तास थांबू. मग पूर्ण गोळी न देता पाव देऊ. माझं चुकलं, तर त्रास होईल, पण कमी होईल. चालेल?"

त्याने तिच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा नीट पाहिले. दाराचा बिघाड सापडत नसला की आम्हीही लिफ्ट मुंगीच्या चालीने एकच मजला चालवतो, असे तो म्हणाला. शिवाय, मागच्या डॉक्टरांना सगळे कळत होते, अशी पुस्ती त्याने जोडली.

ते दोन तास त्याने जांभया मोकळ्या सोडून आणि पाय सतत हलवत काढले. सिस्टरांनी मोजणे सोडून दिले. अंगावरच्या काट्यासाठी फेलोने पंखा बंद केला. काटा तसाच राहिला. दीड वाजता सिस्टरांनी गोळीचा चतकोर त्याच्या जिभेखाली ठेवला आणि आता तोंड अजिबात उघडायचे नाही, असे बजावले. ताईने डोळे मिटून घेतले.

एक चाळीसला त्याने बोटाने खूण करून पाय हलायचे थांबल्याचे दाखवले. फेलोने घड्याळ पाहिले. दहा मिनिटांत हे होणे बरोबर नव्हते. औषधाला निदान वीस-पंचवीस लागतात. मग पाय कशाने थांबले? डॉक्टरने 'मला कळत नाही' म्हटल्याने रुग्णाचे पाय थांबतात, असे कोणत्याही पुस्तकात नव्हते. तिने वेळ लिहिली, कारणाचा रकाना रिकामा ठेवला. सिस्टर कागदात डोकावल्या आणि यातून मात्र काही वजा करू नका मॅडम, असे हळूच म्हणाल्या.

सव्वादोनला दुसरा चतकोर दिला. तीनपर्यंत फरशी, मोरी, उलटी यांतले काही घडले नाही. तो ताईच्या खांद्यावर डोके टाकून झोपला. फेलोने त्याचे श्वास मोजले. मिनिटाला चौदा. खात्री पटेना म्हणून पुन्हा मोजले; चौदाच.

ताई कापडाच्या दुकानात गल्ल्यावर होती आणि तिला तीनला रुजू व्हायचे होते. फोन त्याच बाजूच्या खिशात होता ज्या बाजूला भावाचे डोके होते. तिने न हलता, ओठांनीच विनंती केली. फेलोने वाकून फोन काढला आणि दुकानाच्या मालकाला लावला. बाई इस्पितळात आहेत, भाऊ झोपलाय, त्यांना उठता येत नाही, असे तिने सांगितले.

पलीकडून वैतागलेला आवाज आला, "झोपलाय ना? मग अजून किती वेळ?"

वजाबाईने त्या दोघांकडे पाहिले.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "आज त्यांची सुट्टी लावा."