रंगूच्या रानातली माती

गोदावरीबाई रानातून परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत माती नव्हती. त्यांनी जमिनीत भोक पाडून माती काढायचं गिरमिट कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मग शिपायाला म्हणाल्या, "ती माती गेली. आता एवढीच राहिली."

त्या दिवशी मला कळलं की माझं घर मोडलं.

मित्रांनो, मी माती आहे. इस्लामपूरच्या एका शेतकी विद्यालयात, लाकडी पेटीत, भिंतीला टेकून उभी आहे. ही पेटी मिरजेच्या सुतारानं केली. तो एरवी तंबोऱ्यांच्या पेट्या करतो, म्हणून लांबट पेटीवर त्याचा हात बसलेला. माझ्यावर डिंकासारखं काहीतरी ओतलं आहे, त्यामुळे मी सांडत नाही. पण मला आता भेगाही पडत नाहीत आणि माझ्यात मूळही शिरत नाही.

आधी मी कृष्णाकाठी मानसिंग यांच्या रानात होते. मानसिंग फौजेतून निवृत्त होऊन ऊस करतात. याच विद्यालयातल्या मातीच्या शास्त्रज्ञ गोदावरीबाई तालुक्यातल्या मातीची पाहणी करत होत्या. त्यांनी रानात पुरुषभर खोल खड्डा घ्यायला लावला आणि स्वतः आत उतरल्या. नुसती वरची माती बघून जात कळत नाही. त्यांनी सुरीनं खड्ड्याची भिंत खरवडली आणि माझे थर मोकळे झाले. ओली चिमूट रंगांच्या तक्त्याशी धरून माझा रंग ठरवला. चिखल अंगठ्याखाली दाबून त्याची पट्टी केली. पट्टी लांब निघाली, म्हणजे माझ्यात चिकण जास्त. आम्लाचा थेंब टाकला, थोडा फेस आला, म्हणजे चुना आहे.

शास्त्रज्ञ आधी मातीचं मोठं घराणं ठरवतात. कोयनानगरच्या घाटातली तांबडी माती एका घराण्यात, आम्ही भेगाळणाऱ्या काळ्या माती दुसऱ्यात. आमच्या घराण्याला व्हर्टिसॉल म्हणतात, म्हणजे उलटणारी माती. उन्हाळ्यात आम्ही भेगाळतो, वरची माती भेगेत पडते, पावसात फुगून आम्ही आतल्या आत फिरतो. घराण्याखाली शाखा, शाखेखाली पोटशाखा, आणि अगदी शेवटी मातीचं स्वतःचं नाव. ते नाव, ती जिथं पहिल्यांदा सापडली त्या जागेचं असतं.

माझ्यात वर काळी, मध्ये एका फार जुन्या पुरानं आणून टाकलेली तपकिरी गाळाची मळई, आणि खाली पुन्हा काळी. बाई म्हणाल्या, "अशी माती आमच्या यादीत नाही. हिला वेगळं नाव लागेल. गावाचं नाव शेजारच्या काळ्या मातीला देऊन झालंय. या रानाला काय म्हणतात?"

मानसिंग खाली बघत म्हणाले, "रंगूचं रान."

बांधावर बसलेल्या त्यांच्या भावजयीनं, हरणाबाईनं, तोंडाला पदर लावला. "कवापासनं वं भावजी? सकाळपतोर तर खालची पट्टी म्हनत हुता!"

रंगूबाई म्हणजे मानसिंगांची बायको. त्या आदल्या वर्षी मिरजेच्या दवाखान्यात वारल्या होत्या.

"माणसाचं नाव देत नाहीत, दादा," बाई म्हणाल्या. "जागेचंच देतात."

"आवं बाई, सातबाऱ्यावर माजं नाव. बोरच्या लाइटबिलावर माजं नाव. मी बारा गावचं पानी पीत फौजत हुतो, हितं राबली ती. तिचं नाव कशावरच न्हाई. मीच कवा लावलं न्हाई."

बाईंनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाल्या, "गावच जर या जागेला तसं म्हणायला लागलं, तर मी तेच लिहीन. पण एका खड्ड्यावर नाव मिळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात याच रानात अजून खड्डे घेऊ. तोवर असंच राहू द्या."

माझा उभा तुकडा कापून त्यांनी इकडं आणला. पुढचं मला मानसिंगांकडूनच कळलं. ते तालुक्याला आले की मला बघायला येतात आणि बोलतात.

त्यांनी वर्षभर गावाच्या तोंडी ते नाव बसवलं. भांगलायला, म्हणजे तण काढायला, बायका सांगताना "रंगूच्या रानात या" म्हणायचे. कुणी खालची पट्टी म्हटलं की चहा बंद. हरणाबाई म्हणायची, "चा पायजे तर रंगूचं रान म्हना गं, न्हाईतर पानी पिऊन जावा!" बायका हसायच्या, पण दिवाळीपर्यंत सगळं गाव तेच म्हणायला लागलं. ऊस न्यायला येणारा ट्रॅक्टरवालासुद्धा.

मग उन्हाळा आला. फौजेत मोठे साहेब पाहणीला येणार असले की मैदान सपाट करायचं, कडेनं चुना मारायचा, ही मानसिंगांची जन्माची सवय. बाई येणार म्हणून त्यांनी जेसीबी आणला. उंचवटा तासला, सखल भाग भरला. खड्ड्याच्या जागी मुरूम टाकून चौथरा बांधला आणि त्यावर नाव लिहिलं. कडेनं चुन्याच्या रेघा ओढल्या.

गोदावरीबाई आल्या आणि बांधावरच थांबल्या.

"काय झालं बाई? ब्येस न्हाई दिसत?"

"छान दिसतंय, दादा. थर कुठं गेले?"

"कंचं थर? खालवर हुतं ते लेव्हलमदी आनलं."

बाईंनी रानभर गिरमिट लावून पाहिलं. वरची काळी, मळई आणि खालची काळी, सगळं एकत्र झालं होतं. आम्ही माती स्वतःला उलटतो, पण ते हजारो वर्षांत, आपापल्या थरात. यंत्रानं जे उलटलं ते पुन्हा जागेवर बसत नाही.

"मंजे नाव न्हाई मिळायचं?" मानसिंगांनी विचारलं. बाई गिरमिटाला चिकटलेली माती पुसत राहिल्या. हरणाबाईच म्हणाली, "भावजी, चला घराकडं. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुमच्या."

परवा ते आले होते. माझ्यासमोर "हात लावू नये" अशी पाटी आहे, तरी त्यांनी मळईच्या थरावर हात ठेवला. म्हणाले, "ती आसती तर जेसीबी रानात येऊ दिला नसता. लय भांडली आसती."

मित्रांनो, आता त्या रानाला नाव आहे पण तिथं ती माती नाही. इथं माती आहे पण तिला नाव नाही. तुमच्या रानात यंत्र घालण्याआधी एकदा खड्डा घेऊन खाली काय आहे ते बघा. आणि जे माणूस त्यात राबतं त्याचं नाव ते हयात असतानाच लावा. मानसिंगांनी हे मला सांगितलं, मी तुम्हाला सांगते.

ओढ्यापलीकडं माझ्यासारखी माती असेल, असं बाईंना वाटत होतं. तिथला ऊस तुटला की खड्डा घ्यायचा होता. ऊस तुटला, त्याच बुडख्यांतून फुटून खोडवा उभा राहिला, आणि बाईंची बदली झाली. पलीकडच्या रानात अजून कुणी खड्डा घेतलेला नाही. माझ्या पेटीवर नावाची जागा कोरी आहे.