रिकामं फोल्डर

आमच्या घरात डोक्याआधी हात चालतो. वडिलांचा चालायचा, माझा चालतो, धाकट्या निहारचाही चालतो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

मंगळवारी दुपारी आमच्या पूनम सागर सोसायटीचा वॉचमन लवू जिन्यापाशी रक्ताच्या थारोळ्यात सापडला. कवटी फुटलेली, डावा हात दोन ठिकाणी मोडलेला. पोलिसांनी लिहून टाकलं, दारू पिऊन पडला. लवूने आयुष्यात दारूला शिवलेलं नाही. तो आयसीयूत पडून होता आणि त्याची बायको सुलू माझ्या दारात आली.

"ते जगतील न जगतील," ती म्हणाली, "पण दारुडे म्हणून न्हाय जायचे. तुम्ही कंप्युटरमधले हाय, भाऊ. बघा कायतरी."

कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्याच दुपारी कुणीतरी ठेचला होता. आतली डिस्क कशीबशी तग धरून होती. सेक्रेटरी उत्तमकाका म्हणाले, "राहू दे रे नीलेश, फुकटची बदनामी होईल." तिथेच माझी सटकली. मी डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज बनवली, क्लाउडवर चढवली आणि तिथल्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे इंटरनेटवरून चालवायच्या कंप्युटरला, दुसरी डिस्क म्हणून जोडली. ऑफिसात माझं रोजचं काम हेच. डिस्क जोडल्याचं हिरव्या अक्षरांत आलं. मी फोल्डर उघडलं. रिकामं.

म्हणजे कुणीतरी पुसलं. आणि रेकॉर्डरची किल्ली एकट्या उत्तमकाकांकडे.

सोसायटीच्या ऑफिसात ते टँकरवाल्याशी फोनवर हिंदीत भांडत होते. मी कॉलर धरून त्यांना उभं केलं. पहिला ठोसा नाकावर बसला, हाड मोडल्याचं हाताला कळलं. दुसऱ्या ठोशाला त्यांचा दात माझ्या बोटात रुतला. ते खाली पडले तशी मी बरगड्यांत लाथ घातली. साठीचा माणूस तोंड झाकून रक्त गिळत होता.

"आधी नीट बघ, नीलेश," ते म्हणाले. "बघ आणि मग मार."

मी आणखी एक लाथ घातली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

घरी सुलू टेबलाशी बसून होती. माझा सुजलेला हात बघून निहार म्हणाला, "बर्फ आणतो, दादा," आणि किचनमध्ये गेला. मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. डिस्क जोडली होती, पण ती त्या फोल्डरवर उघडायची कमांड द्यायचीच राहिली होती. कपाट घरात आणायचं, उघडायचं विसरायचं आणि चोरी झाली म्हणून बोंबलायचं, तशातली गत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माणसं ही चूक करतात. मी बाराव्या वर्षी केली.

एका बोटाने कमांड टाइप केली. भराभर फाइली आल्या. मंगळवार, तीन वाजून वीस मिनिटं. टँकरला वाट करून द्यायला लवू एक बाइक सरकवतोय. ती आडवी होते, आरसा फुटतो. मागून लोखंडी पाइप घेऊन एक जण येतो. डोक्यात घालतो. लवू हात आडवा धरतो, तर हातावर दोनदा. पडल्यावरही मारतच राहतो. उत्तमकाका धावत येऊन पाइप धरतात, तो त्यांना भिंतीवर ढकलतो. मग कॅमेऱ्याकडे वळतो आणि चेहरा दिसतो.

"ह्याला त्यांनी सायकल शिकवलीय," सुलू म्हणाली.

निहार बर्फाचं भांडं घेऊन दारात उभा होता. त्याने भांडं टाकलं, लॅपटॉप उचलला आणि फरशीवर आपटला. दोनदा, तीनदा. मग बुटाने तुडवला.

"संपलं," तो धापा टाकत म्हणाला. "दादा, सांग तिला, संपलं म्हणून."

सुलू खाली बसून कीबोर्डची विखुरलेली बटणं ओंजळीत गोळा करत होती. ती जोडून काही होईल असं तिला वाटत असावं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी माझा भाऊ सुटला असता.

"उठा, सुलूताई," मी म्हणालो. "ते यात नव्हतंच. क्लाउडवर जसंच्या तसं आहे."

निहारचा ठोसा माझ्या जबड्यावर बसला. मग दुसरा. मी हात उचलला नाही. चौकीत मी आधी उत्तमकाकांना मारल्याचं सांगितलं, मग लवूचं.