साहेबांसाठी घासलेली टाकी

मी टाकीच्या तळाचा गाळ बोलतोय. नाक कसलं धरताय? तुम्हीही काही अत्तरात न्हाऊन जन्माला आला नव्हता.

माझ्या चिमूटभरातही कोट्यवधी जंतू नांदतात. नदीकाठच्या चिखलातून मला उचललं, रंगाच्या कारखान्यामागच्या टाकीत टाकलं आणि म्हणाले, हे सांडपाणी खा. खाल्लं. निम्मे जंतू मेले, उरलेल्यांना तेच विष पचायला लागलं. लालभडक पाणी यायचं, माझ्यातून फिकट होऊन नदीला मिळायचं.

माझी देखभाल टाकीवाल्याकडे. पंपाने हवा द्यायचा, साखर कारखान्यातली गोड मळी पाजायचा. वर म्हणायचा, "खा रे बाबांनो, लाजू नका."

त्याची थोरली बहीण खाली नदीच्या वळणावर लोकांचे कपडे धुते. पूर्वी तिचे हात सोलून निघायचे, स्वतःच्या हाताने घास घेता येत नसे. मी आलो आणि हातांनी पुन्हा कातडी धरली. एकदा भावाचा डबा घेऊन आली, टाकीत डोकावली.

"हाच का तुझा वैद्य? शी! काय हे ध्यान!"

"ताई, तोंड सांभाळ. याच्या जिवावर जेवतेस तू."

आयुष्यात तेवढंच कौतुक वाट्याला आलं.

मग मोठे साहेब पाहणीला येणार, अशी बातमी आली. पाहुणा म्हटला की माणसाला घासपूस सुचते. कोणी सांगितलं नव्हतं, तरी टाकीवाल्याने आपणहून टाकी उपसली, भिंती खरवडल्या, वर ब्लीचिंग पावडर ओतली. त्याच पावडरीने जंतू मरतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. घाण ती घाण! मी बोंब मारली असती, पण गाळाला तोंड कुठलं?

साहेबांनी रिकामी, चकचकीत टाकी बघितली. "वा! याला म्हणतात काम!" चहा प्यायले, गेले. मग पाणी सोडलं. लाल आलं, लालच गेलं.

आज बहीण टाकीच्या कठड्यावर बसलीय. हात फडक्यात गुंडाळलेले. भाऊ तिला घास भरवतोय.

"टाकी तर आरशासारखी ठेवलीय गं. मग हे कशाने?"

"मला काय विचारतोस? तुझा वैद्य कुठे गेला?"

मी इथेच आहे की! पाइपाच्या वाकणात, ब्रश पोचला नाही तिथे, मूठभर उरलोय. थोडी मळी, थोडी हवा मिळू दे, पुन्हा जीव धरेन. तिचे हातही कातडी धरतील.

तो उठला. वाकून पाइपात हात घातला. माझाच लगदा बोटांना लागला.

"ताई, सापडली बघ पीडा! इथे घाण राहून गेली होती."

आणि डबा उघडतोय. पावडरीचा.

जातो मी. तुम्ही हात धुऊन घ्या. फक्त नदीत नको.