दुसऱ्या संध्याकाळची गोळी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. थंडीच्या दिवसांत डॉक्टरांनी त्यांना एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं आणि आमच्या खोलीत दवाखाना शिरला. गोळी पुरुषांच्या ताठरतेसाठीची. ती लागू पडते हे डॉक्टरांना ठाऊक होतं. किती वेळ टिकते, तेवढंच बघायचं होतं. म्हणून नियम असा की गोळी आज सकाळी घ्यायची आणि जवळ यायचं ते उद्या संध्याकाळी.

उद्या संध्याकाळी म्हणजे मी हॉटेलच्या लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून आलेली. पायांत जीव नसायचा. यांचा चेहरा पेपरला बसल्यासारखा. तरी दर वेळी जमलं, खोटं कशाला बोलू. सिस्टर फोनवर विचारायच्या आणि हे ऐटीत "हो, अगदी व्यवस्थित" म्हणायचे.

मग गेल्या आठवड्यात यांना कामावर भोवळ आली. मी धरून दवाखान्यात नेलं. सिस्टरनी उरलेल्या गोळ्या मागितल्या आणि पाकीट डॉक्टरांपुढे ठेवलं. उरायला हव्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच कमी होत्या.

"दुसऱ्या संध्याकाळी अजून एक घेत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

हे बुटांकडे बघत म्हणाले, "लिफ्टचं वजन एक दोरही पेलतो. तरी आम्ही जास्तीचे लावतो."

"अहो, परीक्षा गोळीची होती, तुमची नाही. नापास झाली असती तर तेही आम्हाला कळायला हवं होतं. पहिलीचा परिणाम तोवर टिकत होता का?"

"काय माहीत. दुसरी घेतल्याशिवाय कधी हिच्याजवळ गेलोच नाही."

डॉक्टरांनी यांना चाचणीतून काढलं. रागावले नाहीत, नुसते डोळे चोळत बसले.

बाहेर बसची वाट बघताना माझं डोकं फिरलं होतं. एवढं जिवावर उदार व्हायचं, तेही कशापायी?

"पहिलीच पुरली असती कदाचित," मी म्हटलं.

"असेल."

"आणि नसती पुरली, तर मी काय तुम्हाला घराबाहेर काढणार होते?"

"छे गं. तू काय म्हणाली असतीस मला ठाऊक आहे. 'राहू द्या, दमला असाल.'" त्यांनी रुमालाने मान पुसली. "तेच ऐकायचं नव्हतं मला."

मला फार वाईट वाटलं, कारण मी अगदी तेच म्हणाले असते. आत्ताही तेच ओठांवर आलं होतं.

"दमलेली मी असायचे," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी. नुसतं झोपावंसं वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लागेल म्हणून."