हवेतले हिसके मोजताना

मी वारामापक. गरगर फिरणाऱ्या वाट्यांचा नव्हे हं, ते आमचे थोरले काका! माझ्यात हलणारं काहीच नाही. समोरासमोर तोंडं केलेल्या सहा बारीक दांड्या, बस्स. एकीनं आवाज सोडायचा, दुसरीनं झेलायचा. वारा पाठीशी असला की आवाज लवकर पोचतो, समोरून आला की रेंगाळतो. त्या फरकावरून मी वारा ओळखतो. सेकंदाला वीस वेळा माझी ही बडबड चालते. तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुमचं नशीब.

कारखान्यात मला आधी एका बंद पेटीत ठेवलं. जन्मल्या जन्मल्या काय शिकलो, तर निवांत हवा कशी असते ते. पुढं ती फारशी भेटलीच नाही.

माझी मालकीण हवेची अभ्यासक. तिची धाकटी बहीण लहान विमान चालवायची, डोंगरापलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर पोचवायची. एका दुपारी परत येऊन उतरताना विमानाला असा हिसका बसला, की पंख जमिनीला टेकता टेकता राहिला. कुणाला खरचटलंही नाही, पण धाकटीनं उडणं बंद केलं.

"ताई, माझाच हात चुकला असणार."

"हात चुकला की हवा, ते आधी बघू," थोरली म्हणाली आणि मला घेऊन धावपट्टीवर आली.

पट्टीच्या अलीकडच्या टोकाला तिनं मला उंच खांबावर चढवलं. शेजारीच विमानांची नवी, भली थोरली शेड होती. दुपारचा आडवा वारा तिच्यावर आपटायचा, छपरावरून उडी मारायचा आणि गिरक्या घेत माझ्या अंगावर यायचा. एक झोत वर उचलायचा, दुसरा खाली दाबायचा. मला नुसत्या गुदगुल्या! थोरली मात्र संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या माझ्या वेड्यावाकड्या रेषा पुन्हा पुन्हा तपासत बसली.

मग पुढच्या दिवशी तिनं मला पलीकडच्या टोकाला नेलं. वारा तोच, वेळही तीच, पण हवा कशी इस्त्री केल्यासारखी!

"हात तुझा ठणठणीत आहे गं," तिनं धाकटीला सांगितलं. "शेडमागे भोवरे उठतात. तू पलीकडच्या टोकाकडून उतर. शेडपाशी येईस्तोवर तुझी चाकं जमिनीवर असतील."

"आणि तुझं यंत्र चुकलं तर?"

"मी बसते ना शेजारी. चुकलंच, तर दोघी मिळून आईची बोलणी खाऊ."

दुसऱ्याच दुपारी दोघी उडाल्या. मी खांबावरून बघत होतो. खोटं कशाला बोलू, माझ्या सहाही दांड्या ताठ झाल्या होत्या. विमान पलीकडून खाली आलं आणि मांजर पाऊल टाकतं तशी चाकं टेकली. दार उघडलं, तर थोरलीचे डोळे अजून गच्च मिटलेले.

"उतरलो का गं?"

"कधीच!" धाकटी इतकी हसली, की पट्टा सोडायला तिला दोनदा हात घालावा लागला.

आता डोंगरापलीकडच्या धावपट्टीवरूनही मला बोलावणं आलंय. म्हणून आज मी खोक्यात बसून मागच्या सीटवर आहे. विमान धाकटी चालवतेय, तेही भर दुपारी. इतकी वर्षं हवेचा हिशेब मांडला, पण तिच्यात उडतोय आज पहिल्यांदाच. मंडळी, येतो आता. पुढच्या प्रवासात कधी हिसका बसलाच, तर वाऱ्याला शिव्या देऊ नका, वाटेत आलेल्या कशाला तरी तो बिचारा वळसा घालत असेल.

अरे, जमिनीवरून उचलली की चाकं! आज मोजायचं काम नाही. आज नुसतं डुलायचं.