तुळाबाबांचं बाळसं

विरारच्या मनवेलपाड्यातल्या त्या हॉलमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. मधोमध झेंडूच्या माळा घातलेला भलामोठा तराजू आणि मागे गादीवर तुळाबाबा. आजारी पोराला एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात नारळ रचायचे. मागच्या खेपेपेक्षा जास्त नारळ लागले की बाबा डोळे मिटून म्हणत, "बाळसं धरलं." मग टाळ्या, मग आरती. ते नारळ पुढे कुठे जातात, हे विचारायचं भान कुणाला उरत नसे.

पाचूबंदरच्या क्लाराची सात वर्षांची प्रियलही पारड्यात बसे. तिला रक्ताचा कॅन्सर होता. हॉस्पिटलची औषधं चालू होती, पण पोरगी पार वाळली होती आणि आईचा जीव टांगणीला लागला होता. बाबांनी पहिल्याच भेटीत निदान ठोकून दिलं. कर्करोगातला कर्क म्हणजे खेकडा. तो अंगात बसलाय, त्याला उपाशी मारा. मासळी, अंडं, डाळ, दूध बंद. फक्त मंतरलेलं मीठ भरपूर घातलेली भाताची पेज.

दुसरी कुणी हसली असती. पण क्लारा कोळ्याची लेक. मासळीचं मुंडकं दिसलं की खेकडा कसा धावतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. बाबांनी नेमकी तीच नस धरली. पाट्या भरून मासळी विकणाऱ्या बाईच्या लेकीला घरात तुकडा मिळेना.

आणि चमत्कार झाला. गाल भरले, पाय भरले, नारळ वाढत गेले. क्लारा बाजारात सगळ्यांना सांगत सुटली.

पुढच्या तपासणीला तिनं हे हॉस्पिटलच्या डॉक्टर स्वप्ना यांनाही मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी वजनाच्या आकड्याकडे पाहिलं आणि पोरीच्या दंडाला टेप गुंडाळली. दंड आणखी बारीक झाला होता. वजन वाढतंय आणि दंड बारीक होतोय, हे कसं, असं त्यांनी विचारलं.

"क्लाराताई, हिच्या नडगीवर अंगठा दाबून बघा."

तिनं दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. ताजी मासळी दाबली की वर येते, शिळीत खळगा राहतो. दिवसभर हेच पाहणाऱ्या बाईनं दुसऱ्या नडगीवरही अंगठा दाबून पाहिला.

डॉक्टरांनी समजावलं. अंडं, मासळी, डाळ यांतलं प्रथिन मिळालं नाही की रक्तातलं पाणी झिरपून अंगात साठतं, वर मीठ ते धरून ठेवतं. पारड्यात पोर वाढली नव्हती, पाणी वाढलं होतं. खेकडा हे आजाराचं नुसतं नाव. उपासानं तो मरत नाही, पोर मात्र खंगते, आणि खंगलेल्या अंगाला औषधं झेपत नाहीत.

"म्हंजे मीच माझ्या पोरीला उपाशी ठेवली?"

"तुम्हाला फसवलं. आता नीट शिजवून तिला खाऊ घाला. बाकीचं आपण मिळून करू."

त्या गुरुवारी क्लारा एकटीच मनवेलपाड्याला गेली. पोरीला गर्दीत न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पारड्यात वटारच्या आशालताचा सुमेध बसला होता, त्यालाही तसलाच आजार आणि बाबांचं तेच पथ्य. बाबा डोळे मिटायच्या बेतात होते.

क्लारा पुढे झाली. "आशालता, त्याच्या नडगीवर अंगठा दाब. खळगा राह्यला तर ती सूज हाय, बालसं नाय."

आशालतानं दाबला. खळगा राहिला. बाबा घाईनं म्हणाले, की ते अंगात मुरलेलं तीर्थ आहे.

"मग आमच्या शिल्या मासलीत पन तीर्थच असंल," क्लारा म्हणाली. "ती मी गिऱ्हाइकाला पन देत नाय, बाबा."

आशालतानं पोराला पारड्यातून उचललं, तशी दुसरं पारडं खाली आदळलं आणि नारळ गडगडत हॉलभर पसरले. त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही. रांगेतली एकेक आई खाली वाकून आपल्या पोराच्या नडगीवर अंगठा टेकवत होती.

तेव्हा बायांनो, बाबांनो, देवासाठी उपास करायचा तर मोठ्यांनी करावा. आजारी पोराला डॉक्टरांना विचारून पोटभर जेवू घालावं.